फुटके धरून

श्रावण सरत आला की आमच्या घराला वाफेचा वास लागतो. मागाठाण्यातल्या आमच्या सोसायटीत लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच्या दारातून अगरबत्ती येते, डावीकडून कुणाची तरी कढीपत्त्याची फोडणी, आणि आमच्या दाराच्या फटीतून तांदळाची उकड, हळदीची पानं, तापलेला गूळ. आत पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं धरतं. मी दारातच उभी राहून काचा पुसते. आई स्वयंपाकघरातून विचारते, "कोण?" किल्ली फक्त माझ्याकडे आणि बाबांकडे, आणि बाबा समोर सोफ्यावर बसलेले असतात, तरी ती विचारते. मी "मी" म्हणते. तेवढ्या एका अक्षरावरून माझा दिवस कसा गेला ते तिला कळतं.

यंदा तो वास आला आणि मला लिस्बन आठवलं. पोर्तुगालच्या त्या शहराचा आणि उकडीच्या मोदकांचा तसा काही संबंध नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्या शहरातल्या एका आठवड्याचं बजेट मी याच वाफेत बसून केलं होतं. लॅपटॉपला पीठ लागू नये म्हणून आईनं त्याच्यावर दुधाची धुतलेली पिशवी कापून पसरली होती आणि मी त्या पिशवीवरून टाइप करत होते. आजही युरो म्हटलं की माझ्या बोटांना ते गुळगुळीत, किंचित चिकट प्लास्टिक आठवतं.

आई ऑर्डरचे मोदक करते. मी प्राथमिक शाळेत असताना मजल्यावरच्या दोन घरांपासून सुरुवात झाली. आता दहिसरपासून अंधेरीपर्यंत डबे जातात. वर्षभर संकष्ट्या असतात, आणि भाद्रपदात तर आमच्या घरात माणसांना बसायला जागा नसते, सगळीकडे नारळ. मदतीला तळमजल्यावरच्या सुरेखाकाकू येतात. त्या मालवणकडच्या, तोंडानं फटकळ आणि हातानं नाजूक. फोनवर कुणी एकावन्न मोदक सांगितले की आई फोन ठेवते आणि काकूंना सांगते, "फुटके धरून सत्तावन्न." कितीही मुरलेला हात असला तरी पात्रात काही मोदक फुटतातच. उकड जरा कोरडी राहते, सारण जरा ओलं होतं, किंवा काहीच कारण नसतं. त्यांचे नारळ, त्यांचा गूळ, त्यांचं तांदळाचं पीठ आई आधीच हिशेबात धरते. फुटलेला मोदक ना नैवेद्याला चालतो ना गिऱ्हाइकाला. तो आमचा. लहानपणी मी दुसरा मोदक खाल्लाच नव्हता. एका मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा माझ्या वाटीत अखंड मोदक पडला, तेव्हा तो हातात फिरवत मी त्याची चीर शोधत बसले होते. तूप कुठून ओतायचं हेच मला कळेना.

आईचा मोदक आधी बघायचा असतो. पारी, म्हणजे त्याचं तांदळाचं आवरण, ती इतकी पातळ करते की आतला गूळ बाहेरून दिसतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर पडद्यामागचं घर दिसावं, तसा. काकू म्हणतात, एवढी पातळ ठेवतेस म्हणून फुटतात, जरा जाड ठेव, पीठ काय महाग नाही. आई ऐकते आणि पुढची पारी तितकीच पातळ करते.

मी इंग्लिश मीडियमची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं. हे मी गमतीत म्हणत नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मोठी होऊन ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट ठेवणारी होते, एवढंच. रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायची वेळ आली की माझा आवाज घशात बसतो. मग रिक्षा आमच्या गेटवरून पुढे जाते, सिग्नलला आपसूक थांबते, मी तिथे उतरते आणि चालत मागे येते. बाबांना हे ठाऊक आहे, कारण भाजी आणायला ते त्याच वेळी बाहेर पडतात आणि मला उलट्या दिशेनं येताना बघतात.

अशा मुलीनं एकटीनं युरोपला जायचं ठरवलं, तर घरात काय होईल? फार काही झालं नाही. बाबांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "त्या टूरवाल्यांबरोबर जा ना. सात देश दाखवतात, वर रोज वरणभात देतात."

मला सात देश नको होते. मला एक शहर हवं होतं. बॅग एकदा उघडायची, एकदा भरायची. एकाच गल्लीतून रोज जायचं, म्हणजे चौथ्या दिवशी ती गल्ली आपल्याला ओळखेल. लिस्बन मी दोन कारणांनी निवडलं. सगळ्या ब्लॉगांवर ते पॅरिस-लंडनपेक्षा स्वस्त आहे असं लिहिलं होतं, आणि एका फोटोत गल्लीच्या आरपार दोऱ्यांवर कपडे वाळत होते. जिथे लोक चादरी रस्त्यावर वाळत घालतात तिथे आपण फार उपरे वाटणार नाही, असं मला उगाच वाटलं.

बाबा म्हणाले, "हिला रिक्षा थांबवता येत नाही. विमान कशी थांबवणार?"

"विमान आपोआप थांबतं," आई आतून म्हणाली. विषय तिथेच मंजूर झाला.

त्या बजेटवर माझं प्रेम होतं. खरं तर जाण्यापेक्षा ते करण्यातच मी जास्त रमले होते. मेट्रोत उभी असताना, जेवणाच्या सुट्टीत, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत मी त्या शहरात राहून येत होते. विमानाचं तिकीट पोटात अर्धं बजेट गिळून बसलं होतं. उरलेल्यात व्हिसा, विमा, एका म्हाताऱ्या बाईच्या फ्लॅटमधली खोली, ट्रामचा पास. कुठल्या संग्रहालयात कुठल्या दिवशी फुकट सोडतात, कुठल्या टेकडीवरून सूर्यास्त फुकट दिसतो, नळाचं पाणी पिता येतं का, सगळं मला पाठ होतं. तिथे कॉफी काउंटरला उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते आणि बाहेर खुर्चीवर बसून प्यायली तर महाग. मी सात दिवस उभी राहणार होते.

श्रावणातल्या संकष्टीची दुपार होती. डबे संध्याकाळच्या आत जायचे होते. आई परातीत उकड मळत होती, गरम, इतकी गरम की मध्येच बोटं थंड पाण्यात बुडवावी लागत. काकू कळ्या पाडत होत्या. आई म्हणाली, वाच. मी वाचायला लागले. ती ऑर्डर ऐकते तशी ऐकत होती, मान खाली, ओठ किंचित हलते. प्रत्येक आकडा ती मोदकांत करून बघत होती. संग्रहालयाचं तिकीट म्हणजे एकवीस मोदकांची एक ऑर्डर. "आत आहे तरी काय?" तिनं विचारलं. भिंतीवरच्या जुन्या फरशा, मी म्हटलं. एकवीस मोदक देऊन फरशा बघायच्या, यावर तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, बघ, तुझ्या आवडीचं आहे.

काकूंनी विचारलं, "थयसर नारळ गावता काय गो?" तिथे नारळ मिळतो की नाही, मला माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या अभ्यासात ती एक गोष्ट राहिली होती.

मग जेवणाचा भाग आला. सुपरमार्केटचा पाव, चीज, केळी, आईनं दिलेलं मेतकूट. हॉटेलच्या रकान्यात शून्य. आईनं मान वर केली. मी समजावून सांगितलं, की तिथे टेबलावर बसलं की न मागता पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात. आपल्याला वाटतं फुकट आहे, पण खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर घेऊन जा म्हणून सांगायचं असतं.

"मग सांगायचं."

मी पुढचा रकाना काढला. काकूंनी आईकडे पाहिलं. माझ्याबद्दल दोघींना सगळं माहीत होतं. ज्या मुलीला रिक्षा थांबवता येत नाही, ती वाढलेलं ताट परत कसं पाठवणार? तेव्हा हॉटेलात जायचंच नाही, हा मी काढलेला साधा सरळ तोडगा होता, आणि त्यानं पैसेही वाचत होते.

आईनं शेवटची बेरीज ऐकली, पात्राचं झाकण उचललं, वाफ जाऊ दिली, आणि विचारलं, "यात फुटके कुठेत?"

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, ट्राम चुकेल, भलत्याच गल्लीत शिरशील, काहीतरी मागवशील आणि आवडणार नाही, त्याचे पैसे कुठे आहेत? मी म्हटलं, असं काही होणार नाही, मी सगळं तपासलंय. आणि ते खरंच होतं. मी रस्त्यांचे फोटोसुद्धा नकाशावर पाहून ठेवले होते, कुठल्या वळणावर औषधांचं दुकान आहे इथपर्यंत.

"शंभर मोदक न फोडता करणारी बाई मला दाखव," आई म्हणाली. "फुटणार हे आधीच धरलं ना, की फुटताना हात कापत नाही."

गणपती गेले, घर रिकामं आणि मोठं वाटू लागलं. एका सकाळी माझ्या मोबाइलवर आईकडून पैसे आले. तिच्या त्या मोसमाच्या कमाईतला बरा मोठा हिस्सा असावा. शेऱ्याच्या जागी तिनं एकच शब्द टाकला होता: फुटके.

लिस्बन सुंदर आहे, हे मी आता नव्यानं काय सांगणार? पण त्याचं सौंदर्य पायांना आधी कळतं. सगळे फुटपाथ छोट्या पांढऱ्या दगडांचे, पिढ्यान्‌पिढ्या पावलांनी घासून साबणासारखे गुळगुळीत झालेले. उतारावर मी भिंतीला हात लावून चालायचे, आणि माझ्या शेजारून सत्तरीच्या बायका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन खटाखट उतरून जायच्या. सकाळी उजेड नदीवरून उलटा वर यायचा. भिंतींवरच्या निळ्या फरशा तेव्हा ओल्या वाटायच्या. ऑक्टोबर सरत आला होता, चौकाचौकांत गाड्यांवर चेस्टनट भाजत होते आणि त्या धुराला आपल्याकडच्या कणसांच्या धुराचा सख्खा वास होता.

नदी इतकी रुंद, की ती खाडीच वाटावी. पलीकडच्या काठाला जायला फेरीबोट होती, माझ्या पासवर फुकट. तीत कामावरून घरी जाणारी माणसं बसलेली, कुणी पेंगत, कुणी पाय पसरून. गोराईला जाताना बोटीत मासळीच्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका दिसतात, त्यांच्या चेहऱ्यावर असतो तसाच दिवस संपल्याचा सैलपणा. मी त्या बोटीनं तीनदा गेले. पलीकडे उतरायचं, एक चक्कर मारायची, परत यायचं. कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

माझं बजेट अफाट चाललं. सांगायला थोडा अभिमान वाटतो: एकही ट्राम चुकली नाही, एकही गल्ली चुकली नाही. फुकटच्या दिवशी फुकट, उभ्याची कॉफी उभ्यानं. फरशांचं संग्रहालय एकवीस मोदकांच्या मोलाचं होतं, कदाचित एकावन्नच्या.

माझ्या खोलीकडे जाणाऱ्या गल्लीत एक छोटी खाणावळ होती. दाराबाहेर अर्ध्या पिंपात निखारे, त्यावर जाळी, आणि जाळीवर तारली मासळी. आपलीच तारली, अख्खी, डोक्यासकट, वर जाडं मीठ. एप्रन बांधलेला एक जाडा गृहस्थ ती उलटत असायचा. चरबी निखाऱ्यावर पडली की चर्र व्हायचं आणि सगळी गल्ली आमच्या स्वयंपाकघरासारखी व्हायची, श्रावण-मार्गशीर्ष सोडून कुठल्याही बुधवारच्या. मी आईला त्या जाळीचा फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं: "आमसूल लावत नाहीत का?"

दारावर फळ्यावर किंमत लिहिलेली होती. महाग नव्हती. फुटक्यांना हातसुद्धा न लावता मला ती परवडली असती. आत टेबलं होती, पाव होता, ऑलिव्हची बशी होती, आणि प्रत्येक टेबलाभोवती माणसं होती, दोन-दोन, चार-चार. मी वाक्य तयार केलं होतं. एकटीसाठी जागा आहे का, एवढंच. ज्या भाषेत मी पंधरा वर्षं शाळा-कॉलेज शिकले त्याच भाषेतलं वाक्य. रोज संध्याकाळी ते वाक्य घेऊन मी त्या गल्लीत शिरायचे आणि घेऊनच बाहेर पडायचे. तो गृहस्थ मला ओळखायला लागला, मान हलवायला लागला. गल्लीनं मला ओळखावं असं मला हवं होतं ना, ते झालं होतं. शेवटच्या संध्याकाळी त्यानं चिमट्यानंच एका रिकाम्या खुर्चीकडे खूण केली. मी हसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. जणू त्या शहरात कुणीतरी माझी वाट बघत थांबलं होतं.

खोलीवर जाऊन मी मेतकूट-पाव खाल्ला. कपड्यांना निखाऱ्यांचा वास येत होता.

घरी आले तेव्हा दिवाळीचं भाजणीचं काम सुरू झालेलं. आईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, वजन घटलंय का तेवढं तपासलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो फरशांचा नव्हता. "तारली कशी होती?"

"वास छान होता," मी म्हटलं.

तिनं कढईतली भाजणी हलवली. मी मोबाइल काढला आणि तिनं दिलेले सगळे पैसे तिला परत पाठवले. शेऱ्यात लिहिलं: एकही फुटला नाही. हे मी विमानात ठरवून ठेवलं होतं. तिचा चेहरा कसा होईल तेही ठरवून ठेवलं होतं.

तिचा मोबाइल वाजला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. बाबा डोकावून म्हणाले, "बघ, एक रुपया उधळला नाही पोरीनं. कौतुक कर जरा."

"कौतुक आहेच," आई म्हणाली. "एकटी जाऊन आली. मला जमलं नसतं." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, मीठ कमी पडलं हे सांगावं तशी म्हणाली, "पण एकही फुटला नाही, म्हणजे पारी जाड ठेवलीस गं."

ती परत भाजणीकडे वळली. दुपारी पैसे माझ्या खात्यात परत आले होते. शेऱ्यात होतं: पुढच्या वेळचे.

मला तेव्हा रागच आला होता. इतकं जपून, इतकं नेमकं सगळं केलं, आणि हिला त्यात पीठ लागलं. पण पुढे कितीतरी दिवस, मेट्रोतून उतरताना, मीटिंगमध्ये म्यूटच्या बटणावर बोट ठेवताना, ते वाक्य मध्येच वर यायचं. जाड पारीचा मोदक मी खाल्लेला आहे. दुकानातला असतो. सुबक, अखंड, कळ्या एकसारख्या. दातांना आधी नुसतं पीठ लागतं, आणि गुळापर्यंत पोचेतो खायची हौस निघून जाते. आईला तसा मोदक सहज करता आला असता. तिनं इतकी वर्षं फुटक्यांचे नारळ वाचवले असते, तेवढ्यात तीच एखादं शहर बघून आली असती. पण ती रोज पीठ इतकं पातळ ताणते की ते फाटू शकेल, आणि शांतपणे पुढचा गोळा घेते. तिच्याकडे बघताना मला वाटतं, धीटपणा म्हणजे मोठ्या आवाजात बोलणं असतं असं मी उगाच धरून चालले होते. आई कधीच मोठ्यानं बोलत नाही.

यंदा मी पुन्हा बजेट करतेय. तेच शहर, ऑक्टोबरच. बाबा म्हणाले, बघितलेलं गाव पुन्हा कोण बघतं? काकूंनी परस्पर उत्तर दिलं, की तुम्ही दर मे महिन्यात त्याच गावाला जाता ते? लॅपटॉपवर पुन्हा पिशवी पसरलेली आहे. या वेळी सगळ्यात वर फुटके लिहिले आहेत, त्यांच्याखाली बाकी सगळं. जेवणाच्या रकान्यात एक ओळ आहे: तारली, बसून. आणि तिच्याखाली: ऑलिव्ह, न मागता आले तरी खाणार. ती वाचून आई हसली. खळखळून न हसता, नाकातून, उकड मळता मळता.

तिकीट काढलंय. खुर्चीवर बसेन की नाही ते मी आत्ता छातीठोक सांगू शकत नाही. माझा घसा मला ठाऊक आहे. परवा रिक्षा गेटवरून पुढे गेलीच, फक्त या वेळी सिग्नलच्या बरीच अलीकडे थांबली, कारण मी काहीतरी बोलले होते.

आज आईनं मला परातीसमोर बसवलं. इतकी वर्षं मी डबे भरायचं आणि नावं चिकटवायचं काम करत आले, पारीला हात लावला नव्हता. बोटं पाण्यात बुडवून मी गोळा घेतला आणि अंगठ्यानं दाबत गेले. वाटी झाली. काकू म्हणाल्या, बस झाला, सारण भर. आई काहीच बोलली नाही, म्हणून मी अजून दाबलं. कडेला पीठ इतकं पातळ झालं की माझं बोट पलीकडून दिसायला लागलं. कळ्या वाकड्यातिकड्या आल्या. मी तो हळदीच्या पानावर ठेवला, आईनं झाकण लावलं, आणि आम्ही तिघी वाफेकडे बघत बसलो.

झाकण काढलं तेव्हा पात्रातले सगळे मोदक उभे होते आणि माझा एका बाजूनं उकलला होता. गूळ पानावर ओघळून चकाकत होता. आईनं तो अलगद उचलून वाटीत घेतला, चिरेतून तूप सोडलं, मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला, आणि अर्धा तोंडात टाकला.

"आता बसतोय हात," ती म्हणाली.